दोन पाहुणे

(पाठ परिचय : घरात मांजर, पोपट, कोंबड्या पाळलेल्या आपण पाहतो. काही मुलांना मात्र किडे पाळण्याची हौस असते. या पाठातील मुलीने एक प्रार्थना कीटक पाळला आणि त्याच्यापासून ती पुष्कळ शिकली. मग तिने विंचू पाळायचे ठरवले. पुढे काय झाले, ते तिच्याच शब्दांत वाचा.)

आमचे घर रायगड जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. घर कौलारू आहे. पुढे अंगण आहे, मागे पडवी आहे. पडवीत सरपण रचून ठेवलेले असते. परसात जास्वंदीचे झाड आहे आणि त्याच्यापलीकडे दगडांचा गडगा आहे.

मी तेव्हा सातवीत होते. ऑगस्ट महिना होता. पाऊस नुकताच थांबला होता. मी जास्वंदीची फुले तोडत होते. एवढ्यात एक हिरवी काडी हलली. मी नीट पाहिले. ती काडी नव्हती. तो एक किडा होता. त्याचे डोके त्रिकोणी होते. डोळे मोठे आणि बाहेर आलेले होते. पुढचे दोन पाय त्याने छातीजवळ दुमडून धरले होते.

दादी जवळच होती. ती म्हणाली, "बघ, कसा दुआ मागतो आहे!"

मी त्याला अलगद एका वहीवर घेतले आणि काचेच्या बरणीत ठेवले. बरणीच्या तोंडाला मलमलचे कापड बांधले. दुसऱ्या दिवशी बरणी घेऊन मी शाळेत गेले.

आमचे विज्ञानाचे सर बरणी पाहून खूश झाले. ते म्हणाले, "हा प्रार्थना कीटक. काही भागांत याला खंडोबाचा किडा असेही म्हणतात. तो दुआ मागताना दिसतो खरा, पण प्रत्यक्षात तो शिकारीची वाट पाहत असतो. त्याच्या पुढच्या पायांना आतून काटे असतात. एकदा पकडलेली माशी त्यातून सुटत नाही."

"सर, मी याला पाळू का?" मी विचारले.

सर म्हणाले, "पाळ. पण एक लक्षात ठेव. मांजर भूक लागली तर म्याव करते. किडा काहीच सांगत नाही. त्याला काय हवे आहे ते आपणच ओळखायचे असते. त्यासाठी रोज पाहायचे आणि पाहिलेले लिहून ठेवायचे."

मी एक वही केली. किडा चालताना वाऱ्यावरच्या पानासारखा डुलत असे. मान वळवून मागे पाहत असे. त्याचा हा थाट पाहून माझा धाकटा भाऊ मुन्ना म्हणाला, "बाजी, हा तर नवाब आहे!" तेच नाव पडले.

नवाब मेलेले काही खात नसे. त्याला जिवंत आणि हलणारे भक्ष्य लागे. मुन्ना आणि मी त्याच्यासाठी माश्या, पतंग आणि लहान नाकतोडे पकडत असू. माशी बरणीत सोडली की नवाब आधी डोके वळवून तिच्याकडे एकटक पाही. मग डोळ्याचे पाते लवते न लवते तोच माशी त्याच्या पायांत असे. खाऊन झाले की तो मांजरासारखे आपले पाय साफ करी. पाण्यासाठी आम्ही बरणीतल्या पानावर थोडे पाणी शिंपडत असू. तो ते थेंब पिऊन टाकी.

सरांनी आम्हांला नवाबाविषयी खूप माहिती सांगितली. त्याला दोन मोठे संयुक्त डोळे असतात आणि त्यांच्यामध्ये तीन छोटे साधे डोळे असतात. आपले भक्ष्य किती अंतरावर आहे, हे त्याला दोन्ही डोळ्यांनी मिळून कळते. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी हे तपासण्यासाठी एक गमतीदार प्रयोग केला. त्यांनी प्रार्थना कीटकांना मेणाने चिकटवून इवलेसे चष्मे घातले आणि त्यांना पडद्यावर हलणारे ठिपके दाखवले. ठिपका जवळ आल्याचा भास झाला की कीटक त्याच्यावर झडप घालत. हा प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

सप्टेंबरमध्ये एक दिवस नवाबाने खाणे बंद केले. तो कापडाला उलटा लटकून राहिला. मला वाटले, तो आजारी आहे. मी बरणी हलवून पाहिली. तो खाली पडला. संध्याकाळी त्याची कात निघाली, पण त्याचा एक मागचा पाय वाकडा झाला.

मी रडत सरांकडे गेले. सर रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "बरणी किती उंच आहे?"

मी बोटांनी दाखवले.

"इथेच चूक झाली," सर म्हणाले. "किड्याची कातडी आपल्यासारखी वाढत नाही. शरीर मोठे झाले की त्याला कात टाकावी लागते. त्या वेळी तो उलटा लटकतो आणि जुन्या कातीतून खाली सरकत बाहेर येतो. म्हणून त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट उंच जागा हवी. आणि त्या वेळी त्याला मुळीच हात लावायचा नाही."

मी वहीत लिहिले : "माझ्या घाईमुळे नवाबाचा पाय वाकडा झाला." मग अम्मीकडून लोणच्याची मोठी रिकामी बरणी मागून घेतली. आत एक उभी काडी ठेवली. पुढच्या वेळी नवाबाने कात टाकली तेव्हा मी दूर बसून पाहिले. जुनी कात काडीला लटकत राहिली आणि नवाब बाहेर आला. आता त्याला पंख होते! वाकडा पायही पुष्कळसा सरळ झाला होता.

शाळेत माझे कौतुक झाले. सर म्हणाले, "पंख आले, म्हणजे हा आता पूर्ण वाढला. आता हा कात टाकणार नाही." मला वाटू लागले की कोणताही किडा मी पाळू शकेन.

ऑक्टोबर आला. उन्हे तापू लागली. एके दिवशी पडवीतले सरपण काढताना एका लाकडाखाली मला विंचू दिसला. तो लालसर रंगाचा होता. माझ्या मधल्या बोटाएवढा लांब असेल. चिमटे बारीक होते, पण शेपूट जाड होती.

विंचू पाळतात, हे मी सरांकडूनच ऐकले होते. परदेशांत काही लोक आफ्रिकेतला मोठा काळा सम्राट विंचू काचेच्या पेटीत पाळतात. तो पश्चिम आफ्रिकेच्या जंगलांत सापडतो. तो दिसायला भयंकर असतो, पण त्याचे विष सौम्य असते. लोकांनी हे विंचू इतके पकडले, की १९९५ पासून त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण घालावे लागले. सरांचे हे शेवटचे वाक्य मी विसरले. 'पाळतात' एवढेच लक्षात राहिले.

मला आणखी एक गोष्ट आठवली. उत्तर प्रदेशात अमरोहा येथे हजरत शाह विलायत यांचा दर्गा आहे. तिथले विंचू कोणाला डंख मारत नाहीत, अशी लोकांची श्रद्धा आहे. दादीनेच ते सांगितले होते. मला वाटले, विंचवाला त्रास दिला नाही तर तोही आपल्याला त्रास देणार नाही.

मी चुलीजवळचा चिमटा आणला. विंचवाला उचलून चपलांच्या एका रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले. झाकणाला सुईने भोके पाडली. खोके कपाटाखाली सरकवले. घरात कोणालाच सांगितले नाही. उद्या सरांना दाखवू, असे मनात ठरवले.

त्या रात्री वीज गेली. फार उकडत होते. आम्ही सगळे जमिनीवर चटया टाकून झोपलो. मध्यरात्री मुन्ना किंचाळून उठला. तो आपला हात घट्ट धरून रडत होता. "बाजी, काहीतरी चावले!"

अम्मीने बॅटरी लावली. मी कपाटाखाली हात घालून खोके ओढले. झाकण एका बाजूने वर उचललेले होते. खोके रिकामे होते.

माझे हातपाय गळाले. क्षणभर वाटले, गप्प बसावे. विंचू तर कोणाच्याही घरात निघतो. हा माझा होता, हे कोणाला कळणार? पण मुन्नाच्या कपाळावर घाम आला होता. मी म्हणाले, "अब्बा, विंचू होता. लाल. मी तो खोक्यात ठेवला होता."

अब्बांनी माझ्याकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी मुन्नाला उचलले.

शेजारचे लोक जमले. एक जण म्हणाला, "मांत्रिकाला बोलवा. उतारा टाकतो." दुसरा म्हणाला, "दंडाला दोरी घट्ट बांधा." दादी एरवी फार जुन्या वळणाची. पण तीच पुढे झाली. ती म्हणाली, "मंत्र नको, दोरी नको. आमच्यात म्हण आहे, बिच्छूचा मंत्र ठाऊक नाही आणि हात घालतो सापाच्या बिळात! रिक्षा बोलवा. दवाखान्यात चला."

अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात पोहोचलो. वाटेत मुन्नाला दोनदा उलटी झाली. त्याचा सदरा घामाने भिजला होता. हातपाय मात्र बर्फासारखे गार पडले होते.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "विंचू कोणी पाहिला?"

"मी," मी म्हणाले.

"कसा होता?"

मी सगळे सांगितले. लालसर रंग, बोटाएवढी लांबी, बारीक चिमटे, जाड शेपूट. सरांनी पाहून लिहायला शिकवले होते, ते तिथे कामी आले.

"लाल विंचू," डॉक्टर म्हणाले. "सांगितलेस ते बरे केलेस. वेळ वाया गेला नाही."

त्यांनी मुन्नाला तपासले. वजन पाहून एका गोळीचा भाग दिला. प्रतिविषही दिले. मग ते अम्मीला म्हणाले, "या औषधाने रक्तदाब उतरतो. म्हणून त्याला मांडीवर घेऊ नका. उचलू नका. आडवाच राहू द्या. दर तीन तासांनी गोळी द्यायची आहे, हातपाय गरम होईपर्यंत."

अम्मीला मुन्नाला कुशीत घ्यायचे होते. तिला ते करता येईना. ती त्याच्या उशाशी बसली. मी पायथ्याशी बसले आणि त्याचे दोन्ही पाय माझ्या हातांत धरले. ते गार होते. दुसरी गोळी दिली, तरी गार होते. भिंतीवरचे घड्याळ टिकटिक करत होते. मी मनात एकच दुआ मागत होते. मला नवाब आठवला. तो दुआ मागताना दिसतो, पण मागत नाही. मी मात्र खरोखर मागत होते.

पहाट झाली. दूरच्या मशिदीतून फजरची अजान ऐकू आली. मला वाटले, मुन्नाची बोटे थोडी ऊबदार लागत आहेत. मी अम्मीला हाक मारली. तिने हात लावून पाहिला. डॉक्टरांनी पाहिला. ते हसून म्हणाले, "पाय गरम झाले. आता काळजी नाही."

अम्मी तेव्हा पहिल्यांदा रडली.

सकाळी डॉक्टर आमच्याजवळ बसले. ते म्हणाले, "तुम्हांला एक गोष्ट सांगतो. ती आपल्याच जिल्ह्यातली आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून शिकून डॉक्टर झाले. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पुष्कळ माणसे दगावत. त्यांत लहान मुले जास्त असत. विषामुळे हृदयावर ताण येई, फुप्फुसांत पाणी भरे आणि रोगी जाई. गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसजण वाचत नसत. डॉ. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून राहत. घाम कधी आला, नाडी कशी आहे, हातपाय कधी गार पडले, हे सारे लिहून ठेवत."

"माझ्या वहीसारखे?" मी हळूच विचारले.

"अगदी तसेच. लिहिता लिहिता त्यांना कळले, की विष शरीरात नेमके काय करते. मग त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले. रोगी वाचू लागले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही या कामात त्यांच्याबरोबर होत्या. १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे संशोधन छापून आले. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिल्यास रोगी लवकर बरा होतो, हे त्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले. आता वेळेवर उपचार मिळाले, तर शंभरात एखादाच रोगी दगावतो. २०२२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. मुन्नाला जी गोळी दिली, ती हीच."

मुन्ना त्या वेळी बिस्किट खात होता.

आम्ही घरी आलो. माझ्या मामूंचे किराणा दुकान आहे. खोट्या नोटा ओळखण्यासाठी त्यांच्याकडे जांभळ्या प्रकाशाचा दिवा आहे. सरांनी तो मागवून घेतला. ते म्हणाले, "या दिव्यातून अतिनील किरण निघतात. विंचवाच्या कवचात असे काही पदार्थ असतात, की हे किरण पडले की ते हिरवट चमकते. दिवा डोळ्यांवर मात्र धरायचा नाही."

रात्री अब्बा, सर आणि मी दिवा घेऊन घरभर फिरलो. अब्बांच्या जुन्या बुटात काहीतरी हिरवे चमकले. तोच लाल विंचू होता. अब्बांनी त्याला मारले. मी काही बोलले नाही. घरात लहान मूल होते. पण चूक विंचवाची नव्हती, हे मला ठाऊक होते. तो स्वतःहून आमच्या खोलीत आला नव्हता. मीच त्याला आणले होते.

मी सरांना विचारले, "सर, नवाब बरणीतून कधीच सुटला नाही. मग विंचू कसा सुटला?"

सर म्हणाले, "विंचवाला काचेवर चढता येत नाही. पण पुठ्ठा खरखरीत असतो. त्यावर तो सहज चढतो. आणि खरे सांगू? उत्तम पेटी असती तरीही आपल्याकडचा विंचू घरात पाळणे योग्य नाही. परदेशात जे पाळतात, ते मोठे लोक असतात. कोणत्या जातीचा विंचू आहे, त्याचे विष किती आहे, हे त्यांना माहीत असते. तरी ते त्याला हातात घेत नाहीत. विंचू माणसाळत नाही. आपल्याला तो वर्षभर रोज पाहिला, तरी तो आपल्याला ओळखत नाही. दाबला गेला की तो नांगी मारणारच."

"पण सर, अमरोह्याचे विंचू?"

सर शांतपणे म्हणाले, "श्रद्धा आपल्या जागी असू दे. पण आपल्या सरपणातल्या विंचवाने तसा वायदा कोणाला दिलेला नाही."

बोलत बोलत आम्ही परसात आलो. गडग्याच्या एका फटीत पुन्हा हिरवा प्रकाश चमकला. या वेळी तो लाल विंचू नव्हता. ती मोठी काळी इंगळी होती. तिचे चिमटे जाड होते. सरांनी साधी बॅटरी लावली. इंगळीच्या पाठीवर पांढरी पांढरी, तांदळासारखी पिल्ले दाटीवाटीने बसली होती.

सर हळू आवाजात म्हणाले, "विंचू हा कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात, याला आठ असतात. तो कोळ्याचा नातेवाईक आहे. विंचवाची मादी अंडी घालत नाही, ती जिवंत पिल्लांना जन्म देते. पिल्ले तिच्या पाठीवर चढून बसतात. पहिली कात टाकीपर्यंत ती तिथेच राहतात. तोपर्यंत आई त्यांना घेऊन फिरते. म्हणून मराठीत म्हण आहे, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर."

अब्बांच्या हातात अजून चप्पल होती. त्यांनी इंगळीकडे पाहिले. पिल्लांकडे पाहिले. मग चप्पल खाली टाकून पायात घातली. ते म्हणाले, "हे तिचे घर आहे. आपले तिकडे आहे. सरपण आपण उद्या घरापासून लांब हलवू." दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते हलवले.

आठवडाभराने मी नवाबाची बरणी परसात नेली. सर आणि मुन्ना सोबत होते. सरांनी बरणी उचलून नवाबाचे पोट खालून पाहिले, त्यावरचे भाग मोजले आणि ते हसू लागले. "अरे, हा नवाब नाही, ही तर बेगम आहे! नराच्या पोटाचे आठ भाग दिसतात, मादीचे सहा. मोजून पाहा."

मी बरणीचे कापड सोडले. बेगम सावकाश काडीवर चढली. डुलत डुलत जास्वंदीच्या पानांत शिरली. क्षणात ती दिसेनाशी झाली. ती तिथेच होती, पण पानांत आणि तिच्यात फरक कळत नव्हता.

नोव्हेंबरमध्ये मुन्नानेच तिला शोधून काढले. ती एका फांदीवर डोके खाली करून बसली होती आणि शेपटाकडून फेस सोडत होती. त्या फेसात ती अंडी घालत होती. थोड्या वेळाने फेस वाळून कडक झाला. तो अंड्यांचा कोश झाला. त्यानंतर काही दिवसांनी बेगम दिसेनाशी झाली. प्रार्थना कीटकाचे आयुष्य साधारण एका वर्षाहूनही कमी असते.

कोशाला आम्ही हात लावला नाही. रोज सकाळी दुरून पाहत असू. एके दिवशी कोशाखाली बारीक धाग्यांना लटकलेली इवलीशी पिल्ले दिसली. मुंग्यांएवढी ती पिल्ले आईसारखीच होती, फक्त त्यांना पंख नव्हते. मुन्ना मोजू लागला. त्रेसष्टपर्यंत मोजून तो चुकला.

"बाजी, यांतला एक बरणीत ठेवू या?" त्याने विचारले. त्याच्या हातावर विंचवाच्या दंशाची खूणही आता राहिली नव्हती.

मी म्हणाले, "नको. आपणच इथे येऊ. रोज."

मी वही उघडली आणि नव्या पानावर तारीख लिहिली.

हे लक्षात ठेवा

विंचू चावल्यास :
१. दंशाच्या जागी कापू नका. रक्त चोखू नका. दोरी घट्ट बांधू नका.
२. मंत्र-तंत्र, झाडपाला यांत वेळ घालवू नका. रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्या.
३. खूप घाम येणे, उलटी होणे, हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. ती डॉक्टरांना सांगा.
४. विंचवाचा रंग व आकार आठवत असेल तर सांगा. त्याला पकडण्याच्या नादात मात्र दुसरा दंश करून घेऊ नका.

विंचू चावू नये म्हणून : बूट-चपला झटकून घाला. अंथरूण झटका. सरपण व गोवऱ्या घरापासून दूर ठेवा. रात्री बॅटरी घेऊन चाला. दगड किंवा लाकूड उचलताना आधी नीट पाहा.

शब्दार्थ

विंचू – बिच्छू
इंगळी – मोठा काळा विंचू
नांगी – विंचवाच्या शेपटाच्या टोकाचा विषारी काटा
पडवी – घराला लागून असलेली उतरत्या छपराची जागा
परस – घरामागची मोकळी जागा
गडगा – दगड रचून केलेले कुंपण
सरपण – जळाऊ लाकडे
कात – प्राण्याने टाकलेली जुनी कातडी
भक्ष्य – शिकार, खाद्य
दंश – चावा, डंख
प्रतिविष – विषाचा परिणाम कमी करणारे औषध
माणसाळणे – माणसाची सवय होणे
दगावणे – मरण पावणे
बिऱ्हाड – राहण्याची जागा, संसार

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुन्नाने प्रार्थना कीटकाला कोणते नाव दिले?
(आ) प्रार्थना कीटकाला एकूण किती डोळे असतात?
(इ) मुलीने विंचू कशात ठेवला होता?
(ई) डॉ. बावस्कर १९७६ मध्ये कोठे आले?
(उ) मामूंकडचा जांभळा दिवा कशासाठी होता?

प्र. २. कारणे द्या.
(अ) नवाबाचा पाय वाकडा झाला.
(आ) अम्मीला मुन्नाला मांडीवर घेता आले नाही.
(इ) अब्बांनी हातातली चप्पल खाली टाकली.

प्र. ३. कोण कोणास म्हणाले ते लिहा.
(अ) "किडा काहीच सांगत नाही."
(आ) "सांगितलेस ते बरे केलेस."
(इ) "यांतला एक बरणीत ठेवू या?"

प्र. ४. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुलीने खरे सांगितले नसते तर काय झाले असते?
(आ) मुलीची वही आणि डॉ. बावस्करांच्या नोंदी यांत कोणते साम्य आहे?
(इ) लाल विंचू मारला आणि इंगळीला सोडले. अब्बांचे हे दोन्ही निर्णय तुम्हांला पटतात का? तुमचे मत लिहा.

प्र. ५. वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
हातपाय गळणे, कामी येणे, डोळ्याचे पाते न लवणे, नांगी टाकणे

प्र. ६. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण ज्याला एका जागी फार काळ राहता येत नाही, अशा माणसासाठी वापरतात. ही म्हण लागू पडेल असा एक प्रसंग लिहा. अशा अर्थाची म्हण उर्दूत असल्यास वर्गात सांगा.

प्र. ७. लिंग बदला.
नवाब, भाऊ, मुलगा, नर, मामू

प्र. ८. अनेकवचन लिहा.
बरणी, माशी, फांदी, गोळी, पिल्लू, डोळा

उपक्रम : शाळेच्या किंवा घराच्या आवारातील एक कीटक निवडा. त्याला न पकडता सात दिवस पाहा. तो काय खातो, कोठे बसतो, कसा चालतो, हे तारीख घालून वहीत मराठीत लिहा. वर्गात वाचून दाखवा.